सांध्यांची झीज : गुडघेदुखी समजून घेऊ या

नायगाव तालुक्यातल्या कोणत्याही मशिदीत जुम्म्याला नजर टाका, मागच्या सफीत खुर्च्या मांडलेल्या दिसतात. वीस वर्षांपूर्वी एखाद-दुसरी असायची, आता रांगच असते. घरातही तेच चित्र. दादी जिना चढायचे टाळते, अम्मी वुजू करून उठताना नळाला धरते, अब्बा बाजारातून येताना दोन ठिकाणी थांबतात. विचारले की उत्तर ठरलेले, ‘वय झालं आता, घुटने गेले.’

या ‘घुटने गेले’ मध्ये दोन गैरसमज दडलेले आहेत. पहिला, की हे फक्त वयामुळे होते. दुसरा, की आता काही करता येत नाही. या दोन समजुतींमुळे आपल्याकडे लोक एकतर वर्षानुवर्षे दुखणे सोसत राहतात, नाहीतर मेडिकलमधून रोज गोळी आणून खातात आणि शेवटी किडनी बिघडवून बसतात. म्हणून हा आजार नेमका काय आहे, शरीरावर काय परिणाम करतो आणि घरच्या घरी काय करता येते, हे आपण एकदा नीट समजून घेऊ या.

नावांचा गोंधळ

मराठीत आपण सगळ्याच सांधेदुखीला ‘संधिवात’ म्हणतो. उर्दूत ‘गठिया’ किंवा ‘जोडों का दर्द’, आणि युनानी हकीम त्याला ‘वजउल मफासिल’ म्हणतात. पण सांधेदुखीचे प्रकार अनेक आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे.

आपण ज्याबद्दल बोलत आहोत तो झिजेचा आजार. डॉक्टर त्याला ‘ऑस्टिओआर्थ्रायटिस’ म्हणतात, चिठ्ठीवर बहुतेक वेळा नुसते ‘ओए’ लिहिलेले असते. गुडघा, खुबा, हाताची बोटे, मान आणि कंबर या ठिकाणी तो जास्त दिसतो. आपल्याकडे सर्वात जास्त गुडघ्यात.

दुसरा प्रकार म्हणजे आमवात, ज्याला डॉक्टर ‘रुमॅटॉइड’ म्हणतात. यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर हल्ला करते. हा तरुण वयातही होतो. तिसरा म्हणजे गाउट, ज्यात रक्तातले युरिक अ‍ॅसिड वाढते आणि पायाचा अंगठा अचानक लालबुंद होऊन ठणकतो. चौथा म्हणजे तापानंतरची सांधेदुखी. २००६ साली मराठवाड्यात चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती, त्यानंतर कित्येकांचे सांधे महिनोन्‌महिने दुखत राहिले, हे जुन्या लोकांना आठवत असेल.

आपल्या जिल्ह्यापुरती आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. किनवट भागात काही ठिकाणी जमिनीखालच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आढळले आहे. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडतात, आणि हाडे-सांधे ताठ होऊन दुखू लागतात. एकाच वस्तीत अनेकांना, तेही कमी वयात, असा त्रास होत असेल तर त्याला नुसती झीज समजू नये. बोअरचे पाणी तपासून घ्यावे.

सांध्याच्या आत काय असते?

दोन हाडे जिथे जुळतात तो सांधा. हाडांच्या टोकांवर एक गुळगुळीत, पांढरट, लवचिक थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. बकऱ्याच्या पायाचा सांधा साफ करताना हाडाच्या टोकावर जो चकचकीत थर दिसतो, तोच हा. सांध्याभोवती एक पिशवी असते. तिच्या आतल्या अस्तरातून थोडासा चिकट द्रव पाझरतो. कूर्चा आणि हा द्रव मिळून हाडांना एकमेकांवर सहज सरकू देतात, धक्के झेलतात.

कूर्चेची एक खास बाब आहे. तिच्यात रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. रक्तवाहिन्या नसल्यामुळे ती एकदा खराब झाली की कातडीसारखी भरून येत नाही. तिला पोषण मिळते ते त्या द्रवातून. आपण चालतो तेव्हा कूर्चा स्पंजसारखी दाबली जाते, सुटते आणि द्रव आत-बाहेर होतो. म्हणजे हालचाल हेच सांध्याचे जेवण आहे. पूर्ण आराम केला की सांधा उपाशी राहतो.

आणि मज्जातंतू नसल्यामुळे सुरुवातीची झीज दुखत नाही. दुखते ते कूर्चेखालचे हाड, सांध्याचे अस्तर, आजूबाजूचे स्नायू आणि दोऱ्या. त्यामुळे दुखणे सुरू होते तेव्हा आत बरेच काही घडून गेलेले असते.

पूर्वी डॉक्टरही या आजाराला गाडीच्या टायरसारखी साधी घासाघीस समजत. आता समजूत बदलली आहे. हा सगळ्या सांध्याचा आजार आहे. कूर्चा पातळ होते, खालचे हाड जाड आणि कडक होते, कडेला हाडाचे छोटे काटे वाढतात, अस्तराला सौम्य सूज येते, द्रव कधी जास्त साठतो, आणि मांडीचे स्नायू अशक्त होतात. शरीर दुरुस्तीचा प्रयत्न करत असते, पण ती दुरुस्ती अर्धवट होते.

भिगवणचा अभ्यास काय सांगतो?

हा शहरी, श्रीमंत, बसून खाणाऱ्यांचा आजार आहे असे कुणी म्हणत असेल तर त्यांना भिगवणची गोष्ट सांगावी. पुणे जिल्ह्यात, पुणे-सोलापूर रस्त्यावर भिगवण हे गाव आहे. पुण्याचे सांधेरोगतज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या उपक्रमाअंतर्गत तिथे घरोघरी पाहणी सुरू केली. चार हजारांहून जास्त प्रौढांना प्रश्न विचारले गेले आणि ज्यांना त्रास होता त्यांची तपासणी झाली.

दर शंभर प्रौढांत सुमारे १८ जणांना हाडे-सांधे-स्नायूंची काही ना काही दुखणी निघाली. झिजेचा आजार शंभरात सुमारे सहा जणांना होता. त्या मानाने आमवात दोनशे माणसांत एखाद्यालाच. म्हणजे शेतात राबणाऱ्या, रोज चालणाऱ्या गावातही झिजेचे प्रमाण मोठे आहे, हे महाराष्ट्राच्याच मातीत सिद्ध झाले.

जगाचा आकडा पाहिला तर जागतिक आरोग्य संघटनेच्या मते २०१९ मध्ये सुमारे ५२ कोटी ८० लाख लोक या आजारासह जगत होते. त्यातले सुमारे ७३ टक्के ५५ वर्षांवरचे, आणि ६० टक्के स्त्रिया. सर्वात जास्त त्रास गुडघ्याचा.

कुणाला जास्त होतो?

वय हे एक कारण आहेच. पण त्याच्या जोडीला इतरही कारणे आहेत.

वजन : सपाट रस्त्यावर चालतानासुद्धा गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दुपटी-तिपटीचा दाब येतो. जिना चढताना-उतरताना त्याहून जास्त. चरबी नुसते ओझे नसते, तिच्यातून सूज वाढवणारी रसायनेही रक्तात जातात. म्हणूनच जाड माणसांच्या हाताच्या बोटांतही, जिथे वजन पडत नाही तिथेही, हा आजार जास्त दिसतो.

स्त्री असणे : पाळी बंद झाल्यानंतर स्त्रियांमध्ये प्रमाण झपाट्याने वाढते.

कामाची पद्धत : चीनमधल्या बीजिंगमध्ये वयस्कर लोकांचा अभ्यास झाला, तेव्हा तरुणपणी रोज तासन्‌तास उकिडवे बसणाऱ्यांमध्ये गुडघ्याची झीज जास्त निघाली. आपल्याकडे धुणे, भांडी, निंदणी, खुरपणी, फरशी पुसणे, फरशी बसवणे, बिडी वळणे, सगळे खाली बसूनच. त्यात डोक्यावर ओझे घेऊन चालणारे हमाल आणि बांधकामावरचे मजूर धरा.

जुनी दुखापत : कबड्डीत पिळवटलेला गुडघा, मोटरसायकलच्या अपघातात तुटलेली दोरी किंवा फाटलेली गादी. असा गुडघा पुढे दहा-पंधरा वर्षांत, म्हणजे चाळिशीच्या आतसुद्धा, झिजू शकतो. तरुण मुलांचा गुडघा ‘निसटतो’ अशी तक्रार असेल तर ती वेळेवर दाखवावी.

घराणे : आई, मावशी, आजी यांना असेल तर आपल्यालाही शक्यता जास्त. विशेषतः बोटांच्या गाठींच्या बाबतीत.

ओळखायचा कसा?

दुखणे हळूहळू, महिने-वर्षे घेत वाढते. चालल्यावर, जिना चढल्यावर वाढते आणि बसल्यावर कमी होते. सकाळी उठल्यावर सांधा आखडलेला असतो, पण साधारण अर्ध्या तासाच्या आत मोकळा होतो. बराच वेळ बसून उठताना पहिली चार पावले जड जातात. वाकवताना आत करकर आवाज येतो. गुडघा पूर्ण सरळ होत नाही किंवा पूर्ण वाकत नाही. पुढे पाय बाहेरच्या बाजूने धनुष्यासारखे वाकतात. हाताच्या बोटांच्या शेवटच्या पेरांवर टणक गाठी येतात.

नुसता कटकट आवाज येतो पण दुखत नाही, तर घाबरायचे कारण नाही. तो पुष्कळ निरोगी गुडघ्यांतही येतो.

तपासणीत डॉक्टर हात लावून पाहतात आणि गरज असेल तर एक्स-रे काढतात. गुडघ्याचा एक्स-रे उभे राहून काढलेला असावा, म्हणजे हाडांमधली जागा किती कमी झाली हे खरे दिसते. १९५७ पासून केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत वापरतात. त्यात शून्य ते चार अशा पायऱ्या असतात. रिपोर्टमध्ये ‘ग्रेड थ्री’ वगैरे लिहिलेले असते ते हेच.

पण एक्स-रे आणि दुखणे यांचा हिशेब जुळतोच असे नाही. काहींच्या फोटोत भरपूर झीज असते आणि ते आरामात चालतात. काहींचा फोटो बरा असतो आणि रात्री झोप येत नाही. म्हणून फोटो पाहून घाबरून ऑपरेशनचा निर्णय घेऊ नये. इलाज माणसाचा करायचा, फोटोचा नाही. मणक्यातल्या ‘गॅप’चेही तसेच. चाळिशीनंतर अनेक निरोगी माणसांच्या मणक्यातही झीज दिसते.

या आजारात रक्ताच्या तपासण्या साधारणपणे नॉर्मल येतात. त्या केल्या जातात त्या दुसरे आजार नाहीत ना हे बघायला.

शरीरावर होणारे परिणाम

हा आजार जिवावर बेतत नाही, म्हणून घरात त्याकडे दुर्लक्ष होते. पण तो सांध्यापुरता राहत नाही.

दुखते म्हणून माणूस चालणे कमी करतो. चालणे कमी झाले की मांडीचा स्नायू वाळतो. स्नायू वाळला की गुडघ्यावरचा भार आणखी वाढतो आणि दुखणे वाढते. वजनही चढते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही, ते कुठेतरी तोडावे लागते.

एका पायावर लंगडत चालल्याने दुसरा गुडघा आणि कंबर दुखू लागते. पाय डगमगला की पडण्याची भीती, आणि या वयात पडणे म्हणजे खुब्याचे हाड मोडण्याचा धोका. ज्यांना शुगर आणि बीपी आहे त्यांचे फिरणे बंद झाले की शुगर आटोक्यात राहत नाही. रात्री कूस बदलताना जाग येते, झोप अपुरी राहते.

मनावरचा परिणाम आपण मोजतच नाही. लग्नाला जायचे नाही, कारण तिथे संडास देशी असतो. नातेवाइकांकडे जायचे नाही, कारण ते वरच्या मजल्यावर राहतात. हळूहळू माणूस घरात, मग खोलीत, मग पलंगावर मर्यादित होतो. आपल्या घरातल्या बायका तर हे बोलतही नाहीत. स्वयंपाक, धुणे, पाहुणे, सगळे उरकून रात्री तेल चोळून झोपतात. अम्मी ‘ठीक आहे’ म्हणते तेव्हा तिचा चेहरा नाही, तिची चाल बघावी.

उपाय : आधी व्यायाम आणि वजन

जगभरातले डॉक्टर या आजारात पहिला इलाज म्हणून गोळी सांगत नाहीत, व्यायाम सांगतात. आपल्याकडे उलटे आहे. ‘चाललं की आणखी झिजेल’ असे समजून लोक बसून राहतात. खरे म्हणजे बेताचा व्यायाम केल्याने दुखणे कमी होते आणि हालचाल सुधारते.

घरी करण्यासारखे तीन साधे व्यायाम असे :

१. पलंगावर पाय लांब करून बसा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा. गुडघ्याने टॉवेल खाली दाबा, पाच आकडे मोजा, सोडा. प्रत्येक पायाने दहा-पंधरा वेळा.

२. पाठीवर झोपा. एक पाय गुडघ्यात वाकवून ठेवा. दुसरा सरळ पाय वीतभर वर उचला, पाच आकडे धरा, हळू खाली आणा. दहा वेळा.

३. भिंतीला टेकवलेल्या मजबूत खुर्चीवर बसा. हाताचा आधार शक्यतो न घेता उठा, पुन्हा हळू बसा. पाच वेळांपासून सुरुवात करा.

हे दिवसातून दोनदा. सोबत सपाट रस्त्यावर झेपेल तेवढे चालणे, दहा मिनिटांपासून सुरुवात. व्यायामानंतर थोडे दुखणे चालते, पण दुसऱ्या दिवसापर्यंत दुखणे वाढलेलेच राहिले तर प्रमाण कमी करा. फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात, चार दिवसांत सोडून देऊ नका. जिल्ह्याच्या ठिकाणी फिजिओथेरपिस्टना एकदा दाखवून व्यायाम नीट शिकून घेतले तर उत्तम.

वजनाचा हिशेब सोपा आहे. अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की वजन एक किलोने कमी झाले की प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. पाच किलो कमी करणारा माणूस प्रत्येक पावलाला वीस किलोचे ओझे उतरवतो. त्यासाठी उपाशी राहायचे नाही. रोजच्या चहातली साखर, तळण, दावतीतला दुसरा हात, इफ्तारमधली भजी-समोसे यांवर ताबा ठेवला आणि डाळ, अंडी, भाजी वाढवली तरी सुरुवात होते.

घरात छोटे बदल करावेत. देशी संडासावर ठेवायची खुर्ची किंवा कमोड बसवावा. वुजूसाठी नळ उंचावर घेऊन बाजूला स्टूल ठेवावे. स्वयंपाक, भाजी निवडणे, कणीक मळणे ओट्यावर किंवा टेबलावर करावे. काठी वापरायची तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी, याच हातात चूक होते. पायात मऊ, पकड असलेली चप्पल किंवा बूट असावेत. सांधा आखडला असेल तर गरम पाण्याची पिशवी, चालून सूज आली असेल तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ. शुगरवाल्यांनी शेकताना भाजणार नाही याची काळजी घ्यावी.

गोळ्यांबाबत सावधान

सौम्य दुखण्यात डायक्लोफिनॅकसारखे औषध असलेले मलम गुडघ्याला लावणे हा पोटात घ्यायच्या गोळीपेक्षा सुरक्षित मार्ग आहे. पोटात घ्यायच्या दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने, कमीत कमी दिवस घ्याव्यात. रोज महिनोन्‌महिने घेतल्या तर पोटात अल्सर होऊन रक्तस्राव होऊ शकतो, बीपी वाढते, किडनी बिघडते. ज्यांना आधीच शुगर, बीपी, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास आहे त्यांनी तर स्वतःच्या मनाने एकही घेऊ नये.

रमजानमध्ये जास्त जपावे. दिवसभर पाणी नाही, शरीर कोरडे पडलेले, आणि त्यात रिकाम्या पोटी दुखण्याची गोळी, हे किडनीला घातक ठरू शकते. गोळी लागतच असेल तर वेळ आणि मात्रा रमजान सुरू होण्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी.

दुसरा धोका नाव नसलेल्या पुड्यांचा. ‘एका पुडीत घुटना मोकळा’ अशा औषधांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत जादू होते, पण काही महिन्यांत चेहरा सुजतो, शुगर वाढते, हाडे ठिसूळ होतात, आणि खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा बंद होऊन तो कायमचा खराब होऊ शकतो. असे औषध बरेच दिवस घेतले असेल तर एकदम बंदही करू नये, डॉक्टरांना सांगून हळूहळू कमी करावे लागते. औषध युनानी असो, आयुर्वेदिक असो की अ‍ॅलोपॅथी, आत काय आहे हे ज्याच्यावर लिहिलेले नाही ते घेऊ नये.

सांध्यात तज्ज्ञांनी दिलेले स्टेरॉइडचे एखादे इंजेक्शन वेगळी गोष्ट आहे. सूज असताना त्याने काही आठवडे आराम मिळतो, पण ते वारंवार घ्यायचे नसते. कूर्चा नव्याने उगवते असे सांगून विकल्या जाणाऱ्या महाग गोळ्यांचा पुरावा मात्र कमकुवत आहे. दुर्बिणीने गुडघा धुऊन घेण्याचेही तसेच. २००२ साली अमेरिकेत १८० रुग्णांवर केलेल्या अभ्यासात खरे ऑपरेशन आणि नुसता वरून चिरा देणे, यांच्या परिणामात फरक दिसला नाही.

आपल्या बायकांमध्ये व्हिटॅमिन डीची कमतरता खूप आढळते. त्याने हाडे दुखतात, मांड्यांत जोर राहत नाही, आणि ते दुखणे झिजेसारखेच वाटते. तपासून कमतरता निघाली तर ती भरून काढावी. घराच्या गच्चीवर किंवा अंगणात, पडदा सांभाळून, थोडा वेळ ऊन घ्यावे. पण व्हिटॅमिनने झिजलेली कूर्चा परत येत नाही, हेही लक्षात असू द्या.

नमाज, हज आणि गुडघे

नमाजमुळे गुडघे झिजतात अशी भीती काहींच्या मनात असते. तशी भीती बाळगायचे कारण नाही. झीज वाढवते ते तासन्‌तास उकिडवे बसून केलेले काम. नमाजमधली काही मिनिटांची हालचाल त्याच्याशी तोलता येत नाही. अडचण येते ती आधीच झिजलेल्या गुडघ्याची. सजदा आणि कायद्यात गुडघा पूर्ण दुमडतो आणि तेव्हा कळ येते.

इस्लामने अशा माणसाला सूट दिलेली आहे. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांच्या प्रसिद्ध हदीसचा आशय असा, की उभे राहून नमाज पढा, ते जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. खुर्चीवर कोणते रुक्न कसे अदा करायचे, उभे राहता येत असेल तर किती वेळ उभे राहायचे, हे मशिदीच्या इमाम साहेबांना किंवा मुफ्ती साहेबांना विचारून घ्यावे. आपण एवढेच सांगू, की खुर्ची पक्की असावी, प्लास्टिकची डुगडुगणारी नको. आणि खुर्चीवर बसणाऱ्या बुजुर्गाकडे कमीपणाने बघू नये.

हज-उमऱ्याला जाणाऱ्यांनी तयारी तीन-चार महिने आधी सुरू करावी. सफा ते मरवा हे अंतर सुमारे ४५० मीटर, म्हणजे सईचे सात फेरे तीन किलोमीटरच्या पुढे जातात. तवाफ वेगळा, मिनाचे चालणे वेगळे. रोजचे चालणे हळूहळू वाढवत न्यावे. जमत नसेल तर तिथे व्हीलचेअरची सोय असते, ती घेण्यात संकोच नको.

ऑपरेशन कधी?

व्यायाम, वजन, औषध हे सगळे मनापासून करूनही रोजचे जगणे अवघड झाले, रात्रीची झोप उडाली, पाय वाकडा होत चालला, तेव्हा गुडघा बदलण्याचा विचार करतात. तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलण्यात आला. अमेरिकेतून आलेले डॉ. चित्तरंजन राणावत यांनी ते ऑपरेशन केले. त्यानंतर हे ऑपरेशन आपल्या देशात घराघरांत माहीत झाले.

यात संपूर्ण गुडघा काढत नाहीत. हाडांची खराब टोके तासून त्यावर धातूचे आवरण आणि मध्ये खास प्लास्टिकची गादी बसवतात. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यानुसार शंभरातले सुमारे ८२ कृत्रिम गुडघे २५ वर्षे टिकतात. पण ऑपरेशननंतरचे व्यायाम केले नाहीत तर महाग गुडघाही ताठ राहतो. जंतुसंसर्ग आणि रक्ताची गुठळी हे धोकेही असतात. जमिनीवर बसता येईल का, सजदा करता येईल का, हे ऑपरेशनच्या आधीच सर्जनना स्पष्ट विचारावे.

खर्चाबाबत दोन गोष्टी. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा आणली. सर्वात जास्त वापरल्या जाणाऱ्या कोबाल्ट-क्रोमियम प्रकाराची किंमत तेव्हा कर सोडून ५४,७२० रुपये ठरवली गेली. ही फक्त कृत्रिम सांध्याची किंमत आहे, रुग्णालयाचा खर्च वेगळा. म्हणून बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागावी.

दुसरे म्हणजे सरकारी योजना. जुलै २०१२ मध्ये राज्यात जीवनदायी योजना ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात नांदेड होते. आज तीच महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना या नावाने चालते. कोणते ऑपरेशन कोणत्या रुग्णालयात योजनेत बसते हे तिथल्या आरोग्यमित्राला विचारावे किंवा १५५३८८ या हेल्पलाइनवर फोन करावा. रेशन कार्ड आणि आधार कार्डावरचे नाव जुळते का, हे आधीच बघून ठेवा. पहिली तपासणी नायगावच्या ग्रामीण रुग्णालयात होऊ शकते. पुढे गरज पडली तर नांदेडला विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जाता येते.

कधी थांबू नये?

पुढीलपैकी काही असेल तर ‘झीज आहे’ म्हणून घरी बसू नका :

- सांधा एकाएकी लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप. त्याच दिवशी दाखवा, आत पू होत असेल तर सांधा काही दिवसांत खराब होतो.
- हाताचे अनेक छोटे सांधे सुजलेले आणि सकाळचा आखडलेपणा तासाभरापेक्षा जास्त. हा आमवात असू शकतो, त्याची औषधे वेगळी असतात आणि लवकर सुरू केली तर सांधे वाचतात.
- पडल्यानंतर पायावर भार देता येत नाही.
- कंबरदुखीसोबत पाय लुळे पडणे, बधिर होणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे.
- तरुण माणसाच्या जांघेत सतत दुखणे.
- रात्री आराम करतानाही वाढणारे दुखणे आणि सोबत वजन घटणे.

झीज पूर्ण परत फिरवणारे औषध आज नाही. पण दुखणे कमी करणे, चालते-फिरते राहणे आणि ऑपरेशन लांबवणे हे बहुतेकांना जमते. त्यासाठी घरातल्या एकाने पुढे यावे लागते. मुलाने कमोड बसवून द्यावा, सुनेने खालची कामे ओट्यावर घ्यावीत, नातवंडांनी दादीचे व्यायाम मोजावेत. आणि मेडिकलवरून रोज येणारी ती गोळी कोणती आहे, किती वर्षांपासून चालू आहे, हे आजच विचारून पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवावे.